वऱ्हाडातली साथ आणि पॉटर्स बारची कुपी

२०२१ चा फेब्रुवारी. मुंबईची लोकल १ तारखेपासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुली झाली होती, मंगल कार्यालयांच्या तारखा भरत चालल्या होत्या आणि करोना गेला असे शहाणी माणसेही बोलू लागली होती. नेमक्या त्याच महिन्यात वऱ्हाडाने पुन्हा दारे लावली. अमरावती जिल्ह्यात आधी शनिवार-रविवारची बंदी आली. २१ फेब्रुवारीला पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती शहर आणि अचलपूर भागासाठी आठवड्याची टाळेबंदी जाहीर केली. ती २२ च्या रात्री आठला सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. अकोला, अकोट, मूर्तिजापूर इथेही तसेच निर्बंध लागले. २०२० मध्ये घरातला एखादा आजारी पडायचा. आता अख्खी घरे एकदम अंथरुणाला खिळत होती.

त्या दिवसांत राज्य शासनाने सांगितले की अमरावती-यवतमाळकडच्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा विषाणू आढळलेला नाही. ते अक्षरशः खरे होते. विषाणू परदेशी नव्हताच. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र वाढत असल्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञांच्या वंशावळीत त्याचा क्रमांक बी.१.६१७. या घराण्याचा सर्वांत जुना नोंदलेला नमुना भारतातलाच, ऑक्टोबर २०२० चा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे सगळे जिला एनआयव्ही म्हणतात तिने, नोव्हेंबर ते मार्चमधले राज्यभरचे नमुने तपासले तेव्हा त्याची दाटी विदर्भात दिसली. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावे दिली आणि या घराण्याची एक शाखा कप्पा झाली, दुसरी डेल्टा.

इथवरची हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. साथ आली की आपण विषाणूचे नाव लक्षात ठेवतो, लशीचे ठेवतो, आणि कुणी मंत्री-अधिकारी चुकला असेल तर त्याचेही ठेवतो. पण त्या वसंतात अमरावतीच्या माणसाला खरा प्रश्न वेगळाच पडला होता: मागल्या वर्षी आजार होऊन गेला, मग या वेळी तो आपल्याला सोडेल का? याचे उत्तर रक्तातल्या अँटिबॉडीत शोधायचे, आणि त्या मोजायच्या तर मोजायला माप हवे. हे माप म्हणजे पुन्हा रक्तच असते. कधीतरी कुणाच्या तरी अंगातून काढलेले, वाळवलेले, काचेत बंद करून थंडीत जपलेले. त्या जपण्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या विदर्भाच्या अंगणातून गेलेला आहे.

सुरुवात घटसर्पापासून झाली. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की रोगाचे विष थोडे थोडे टोचलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. चार-पाच वर्षांत घोड्यांच्या रक्तातून काढलेले सीरम बाजारात आले आणि गुदमरणारी मुले वाचू लागली. पण एका कारखान्याची बाटली गुणकारी निघायची, दुसऱ्याची पाण्यासारखी, आणि डॉक्टरला ते मूल दगावल्यावर कळायचे. सीरमची ताकद विषावर ताडून मोजत होते. अडचण अशी की बाटलीतले विष महिन्यागणिक निवते. मापच झिजत असेल तर माल कसा तोलणार? मेट्रिक वजने येण्यापूर्वी आपल्याकडे गावागावाचा शेर वेगळा असे. इथे तर एकाच गावचा शेर दर महिन्याला हलका होत होता.

पॉल एर्लिख यांनी १८९७ मध्ये हा प्रश्न उलटा करून सोडवला. विष टिकत नाही, उतारा टिकू शकतो. मग माप उताऱ्याचेच करावे. त्यांनी एक सीरम निवडले, वाळवून त्याची भुकटी केली, हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत ओलावा शोषणाऱ्या फॉस्फरसच्या संयुगासोबत बंद केली आणि अंधारात, थंडीत ठेवून दिली. अधूनमधून एक नळी फोडायची, भुकटी ग्लिसरीनच्या पाण्यात विरघळवायची आणि तिच्यावर विष ताडून घ्यायचे. मग त्या विषावर कारखान्यांचे नवे सीरम. वरवर साधी वाटणारी ही युक्ती मला लशीच्या शोधाइतकीच मोठी वाटते. तिच्यामुळे पहिल्यांदा बर्लिनचा आकडा पॅरिसला कळू लागला.

या नळ्या फ्रँकफुर्टहून देशोदेशी जात. पहिल्या महायुद्धात ती वाट बंद पडली. अमेरिकनांनी आपल्या घरी, वॉशिंग्टनला, वेगळा साठा जपून ठेवला होता. युद्ध संपल्यावर दोन्हीकडचे माप ताडून पाहिले तर जुळले. त्यानंतर राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने हे काम हाती घेतले. लंडनचे हेन्री डेल आणि कोपनहेगनचे थोरवाल्ड मॅडसेन यांचा त्यात पुढाकार होता. १९२२ मध्ये घटसर्पाच्या उताऱ्याचे आंतरराष्ट्रीय माप ठरले आणि ते कोपनहेगनच्या संस्थेत ठेवले गेले. धनुर्वाताचे त्यामागून आले.

आता आपल्याकडे. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढले. आजची एनआयव्ही ती हीच. त्या वेळी अमरावती आणि अकोला मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर. केंद्राने पहिल्याच वर्षी एक साधा प्रश्न घेतला: डास-गोचिडींवाटे पसरणारे कोणकोणते विषाणू या देशात आधीच फिरून गेले आहेत? आजारी माणसांची वाट पाहायची नाही, धडधाकट माणसांचे रक्त घ्यायचे आणि जुन्या लढाईची खूण त्यात आहे का ते बघायचे. केनेथ स्मिथबर्न, ऑस्टिन कर आणि आपले पी. बी. गटणे अशा तिघांच्या नावावर हे काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मिथबर्न हे युगांडातून आलेले, वेस्ट नाइल विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो त्यांच्याच.

त्या काळची चाचणी उंदरांवर व्हायची. माणसाचे सीरम आणि ठाऊक असलेला विषाणू एकत्र करायचे, ते मिश्रण उंदराला टोचायचे आणि किती उंदीर जगले ते मोजायचे. उंदीर जगला तर सीरमात उतारा आहे. पण तो सीरममुळे जगला की टोचलेला विषाणूच निकामी होता, हे कसे ठरवणार? त्यासाठी प्रत्येक वेळी दोन साक्षीदार लागतात: एक सीरम ज्यात अँटिबॉडी नक्की आहे, आणि एक ज्यात नक्की नाही. हे साक्षीदार गोठवून जपलेले असतात. ते नसतील तर मेलेल्या-जगलेल्या उंदरांच्या यादीला काही अर्थ उरत नाही.

या पाहणीतून नागपूर जिल्ह्यात जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची खूण मिळाली. भारतातला त्याचा हा पहिला पुरावा. वेल्लोरकडे रुग्ण ओळखले गेले ते १९५५ मध्ये. म्हणजे रोगी सापडण्याआधी तीन वर्षे विदर्भातल्या रक्तात नोंद सापडली होती. याच पाहणीत काही भारतीयांच्या रक्तात झिका विषाणूला अडवणारी अँटिबॉडीही दिसली. २०१६ मध्ये झिका जगभर गाजला तेव्हा लोकांनी हा जुना निबंध उकरून काढला आणि झिका भारतात १९५२ पासून आहे असे लिहिले गेले. इतक्या सरळपणे ते म्हणता येत नाही. डेंगी, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, झिका हे सगळे चुलत भाऊ. एकाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही कमी-अधिक धरते. कोणत्या भावाने आधी घर फोडले हे ओळखायचे तर प्रत्येकाविरुद्धचे स्वतंत्र, पारखलेले सीरम शेजारी मांडून कुठे जास्त जोर लागतो ते पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत जॉर्डी कासाल्स यांनी हेच करून या विषाणूंचे गट पाडले. ते वर्गीकरणही पन्नासच्या दशकातच आकार घेत होते.

१९५२ च्या पाहणीनंतर पाच वर्षांनी त्या शिस्तीची किंमत कळली. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडे मरून पडू लागली, माणसांना ताप येऊ लागला. माकडे आणि ताप म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वराचा. तो आशियात कधीच शिरलेला नव्हता. शिरला असता तर बंदरे, विमानतळ, यात्रा सगळ्यांवर गदा आली असती. पुण्याने विषाणू वेगळा केला, ठाऊक सीरमांवर ताडला आणि सांगितले की हा पीतज्वर नाही. गोचिडीवाटे पसरणाऱ्या रशियन मेंदूज्वराच्या घराण्यातला आहे. क्यासनूर जंगलाचा ताप तो हाच, अलीकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात माकडताप म्हणून माहीत झालेला.

मग १९६५. नागपुरात डेंगी आणि चिकुनगुन्याची मोठी साथ होती. प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून एक विषाणू वेगळा केला. तो डेंगीही निघेना आणि चिकुनगुन्याही निघेना. नवा विषाणू ठरवण्याची रीत मोठी चिकाटीची आहे. जगातल्या ठाऊक विषाणूंविरुद्धची सीरमे एकेक करून त्यावर घालायची आणि कोणतेच त्याला धरत नाही याची खात्री करायची. ‘हा कुणीच नाही’ असे म्हणायला सगळ्यांची ओळखपत्रे हाताशी असावी लागतात. या विषाणूला नागपूरच्या वस्तीवरून चांदीपुरा हे नाव पडले. त्याच्याविरुद्ध सीरम तयार झाले, दप्तरी नोंद झाली आणि हा विषय जवळपास विसरला गेला. सौम्य ताप आणणाऱ्या विषाणूकडे कोण लक्ष देणार?

अडतीस वर्षांनी, २००३ च्या पावसाळ्यात, आंध्र प्रदेशात मुलांना अचानक ताप आणि झटके येऊन एक-दोन दिवसांत मरण यायला लागले. ३२९ मुले आजारी, १८३ दगावली. एनआयव्हीने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा विषाणू पाहिला. आकारावरून घराणे कळते, व्यक्ती नाही. व्यक्ती ओळखली ती सीरमच्या चाचण्यांनी: चांदीपुरा. १९६५ चा विषाणू आणि त्याच्याविरुद्धचे सीरम कुणी जपले नसते तर ही ओळख पटायला किती काळ लागला असता सांगता येत नाही. पुढे २००७ आणि २००९ मध्ये त्याने विदर्भातच, नागपूर-भंडाऱ्याकडे, मुले नेली.

या जपणुकीचे तंत्र एर्लिखपासून फारसे बदललेले नाही, सुधारले आहे. सीरम गोठवतात आणि गोठलेल्या अवस्थेतच पाणी वाफेच्या रूपात ओढून घेतात. उरतो तो पांढरा, भुसभुशीत गोळा. तो काचेच्या कुपीत घालून, हवेच्या जागी नायट्रोजन भरून, कुपीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात. रबरी बुचावर भरवसा नाही, त्यातून वर्षानुवर्षे ओलावा शिरतो. लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार नावाच्या गावी ब्रिटनची जैविक मापांची संस्था आहे. तिथे कुप्या उणे २० अंशांत ठेवतात. तिथल्या काही कुप्या मात्र मुद्दाम ३७ आणि ४५ अंशांच्या उष्णतेत ठेवल्या जातात. अनेक वर्षांत जी झीज व्हायची ती काही महिन्यांत करवून घ्यायची आणि त्यावरून माप किती टिकेल याचा हिशेब मांडायचा. पंचेचाळीस अंश म्हणजे त्यांच्या लेखी छळाची परमावधी. अकोल्याच्या मे महिन्याची आठवण येते, तिथे तो आकडा दुपारी रस्त्यावर भेटतो.

२०२० मध्ये नवा विषाणू आला तेव्हा मात्र कुणाहीकडे माप नव्हते. एनआयव्हीने मे महिन्यात ‘कोविड कवच’ ही अँटिबॉडी चाचणी तयार केली. ती पारखताना लागली दोन प्रकारची सीरमे: आजार नक्की झालेल्यांची, आणि नक्की न झालेल्यांची. दुसऱ्या प्रकारात सर्वांत भरवशाचे ते, जे साथीपूर्वी काढून साठवलेले. २०१८ च्या रक्तात करोनाची अँटिबॉडी असूच शकत नाही. भलत्याच कामासाठी गोळा केलेले, कुणीतरी न फेकलेले रक्त अशा वेळी सोन्याचे होते. चाचणीची विशिष्टता सुमारे ९८ टक्के निघाली. म्हणजे शंभर निरोगी माणसांत दोघे खोटेच बाधित दिसणार. ऐकायला थोडे आहे, पण त्याच मे-जूनमध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत पहिली पाहणी झाली. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि वऱ्हाडाच्या वेशीवरचा जळगाव हे जिल्हे होते. तेव्हा बाधा होऊन गेलेल्या प्रौढांचे प्रमाण भरले ०.७३ टक्के. खोट्याचे प्रमाण खऱ्याहून जास्त असताना हा आकडा काढायचा तर चाचणी किती चुकते हे आधी नेमके माहीत हवे आणि आकडा त्यानुसार दुरुस्त करायला हवा. तसा तो केला गेला. त्यामागे फ्रीजरमधल्या जुन्या नळ्या होत्या.

वर्षअखेरीस जगाला माप मिळाले. आजारातून बऱ्या झालेल्या ११ जणांचे रक्तद्रव एकत्र करून पॉटर्स बारला कुप्या भरल्या गेल्या. १५ देशांतल्या ४४ प्रयोगशाळांनी त्या आपापल्या रीतीने तपासल्या. प्रत्येकीचा आकडा वेगळा, काही ठिकाणी कितीतरी पटींनी. पण सगळ्यांनी आपला आकडा त्या कुपीच्या तुलनेत मांडला तेव्हा पसारा आवरला. डिसेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती कुपी प्रमाण म्हणून स्वीकारली. पाव मिलिलिटरची ही कुपी. विषाणू अडवण्याच्या शक्तीचे २५० एकक, म्हणजे मिलिलिटरला १०००. हजार हा निसर्गातला आकडा नव्हे, ठरवलेला.

दोन महिन्यांनी अमरावतीत टाळेबंदी लागली. लस हळूहळू खेड्यापर्यंत पोहोचू लागली आणि खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोक पैसे मोजून अँटिबॉडी तपासू लागले. ‘माह्या सातशे आल्या, तुह्या किती आल्या बॉ?’ अशी चौकशी कट्ट्यावर, फोनवर चाले. एकाला सातशे, दुसऱ्याला अडतीस. अडतीसवाल्याचे तोंड उतरायचे. प्रत्यक्षात दोघे बरोबरीचे असू शकत. एका कंपनीच्या यंत्राचा आकडा प्रमाण एककात आणायला ०.१४२ ने गुणावा लागतो, दुसऱ्या कंपनीचा २.६ ने. सातशेचे होतात सुमारे ९९, अडतीसचेही ९९. हा गुणाकार त्या कुपीमुळेच शक्य झाला. रिपोर्टवर तो क्वचितच छापलेला असे. शिवाय, किती एककांपाशी माणूस सुरक्षित, याची रेषा कुणी आखून दिलेली नव्हती. त्यामुळे गुणाकार केला असता तरी कट्ट्यावरच्या पैजेचा निकाल लागला नसता.

पुण्यात मात्र खरा प्रश्न हाती घेतला गेला. २०२० मध्ये बरे झालेल्यांचे आणि कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचे सीरम बी.१.६१७ वर ताडले. तीच सीरमे आधीच्या विषाणूवरही ताडली, म्हणजे फरक सीरमचा नसून विषाणूचा आहे हे कळावे. अडवण्याची शक्ती जवळपास निम्म्यावर आली, नाहीशी झाली नाही. डेल्टा शाखेवर ती आणखी घसरली, आणि लस घेतलेल्यांपेक्षा नुसत्या बरे झालेल्यांची जास्त. मागल्या वर्षी होऊन गेला, आता भीती नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर त्या वेळी कुठे मिळाले नसते.

त्या उत्तराने खुद्द मापही अडचणीत आणले. पॉटर्स बारची कुपी २०२० मधल्या रुग्णांच्या रक्ताची होती. तिचे हजार एकक त्या वेळच्या विषाणूविरुद्धचे. विदर्भात दाटलेल्या घराण्याविरुद्ध त्याच कुपीची शक्ती वेगळी भरणार, ओमायक्रॉनविरुद्ध आणखी वेगळी. घटसर्पाचे विष १८९७ मध्ये होते तेच आज आहे, म्हणून एर्लिखची नळी चालली. इथे शत्रू सहा महिन्यांत चेहरा बदलत होता. त्यात कुप्यांना मागणी इतकी आली की साठा भराभर आटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरे आंतरराष्ट्रीय प्रमाण मंजूर झाले.

२०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमरावती-अकोल्यातून बरे होऊन निघालेल्या माणसांचे रक्त हे डेल्टाच्या घराण्याशी सुरुवातीलाच लढलेले रक्त होते. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, खासगी दवाखान्यांत त्यांच्या तपासण्यांसाठी ते रोज काढले जात होते. तपासणी झाली की उरलेले नियमाप्रमाणे काही दिवसांनी कचऱ्यात जाते, लाल-पिवळ्या पिशव्यांतून. अमरावतीच्या विद्यापीठात आणि अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात साथीच्या काळात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांच्यात उणे ८० अंशांची कपाटे आली. माणसांची संमती घेऊन, तारीख आणि गाव लिहून, शे-दोनशे नळ्या त्या कपाटांत कायमच्या ठेवायला फार पैसा लागत नाही. विभागाच्या ठिकाणी असा साठा ठेवणे हे रुग्णालयाच्या नेमून दिलेल्या कामांतच असायला हवे, पुण्याच्या संस्थेने मागितले तर पाठवायचे अशा हिशेबाने नव्हे.